रिंग एका वाटेने, आवाज दुसऱ्या

ऑफिसातल्या इंटरनेट फोनची एक तक्रार ठरलेली असते: रिंग वाजते, समोरचा उचलतो, पण आवाजच येत नाही. किंवा एकालाच ऐकू येतो. ‘रिंग आली म्हणजे लाइन ठीक आहे’ हा जुन्या फोनचा हिशेब इथे चालत नाही, कारण रिंग आणि आवाज इथे वेगवेगळ्या वाटांनी जातात.

रिंगची बाजू ‘सिप’ हा प्रोटोकॉल सांभाळतो. तो १९९९ साली आला आणि २००२ साली त्याची जी सुधारित आवृत्ती निघाली, तीच मुख्यतः आजही चालते. त्याचे निरोप साध्या मजकुरात असतात, म्हणजे डोळ्यांनी वाचता येतात. दुरुस्ती करणाऱ्याला याचा केवढा आधार असतो, ते त्यालाच विचारावं. फोन सुरू झाला की तो आधी नेटवर्ककडून आयपी पत्ता घेतो आणि मग सर्व्हरला कळवतो, ‘एक्स्टेन्शन २०४ आता या पत्त्यावर आहे.’ सर्व्हर ते लगेच मान्य करत नाही; आधी ४०१ क्रमांकाचं उत्तर पाठवून पासवर्डचा पुरावा मागतो. ही नोंदणी ठरावीक मुदतीची असते, त्यामुळे फोन ती अधूनमधून परत करत राहतो.

आता २०४ ने २१७ लावला, की ‘इन्व्हाइट’ नावाचा निरोप सर्व्हरमार्फत २१७ कडे जातो. तिथून १८० येतो, म्हणजे रिंग वाजते आहे. रिसीव्हर उचलला की २०० येतो, आणि तो मिळाल्याची पोच म्हणून २०४ कडून ‘अ‍ॅक’ जातो. इन्व्हाइटच्या पोटात आणखी एक चिठ्ठी असते: माझा आवाज या पत्त्यावर, या पोर्टवर पाठव, मला अमुक कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत मांडण्याच्या पद्धती, समजतात. २०० सोबत समोरचाही आपली चिठ्ठी पाठवतो. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाने दोन्ही घरांचे पत्ते एकमेकांना द्यावेत, तसं सिपचं काम इथे बरंचसं संपतं.

पुढे आवाज नेण्याचं काम ‘आरटीपी’ या दुसऱ्या प्रोटोकॉलचं. नेहमीच्या जी.७११ कोडेकमध्ये सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतले जातात, प्रत्येक ८ बिटांचा. २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे १६० बाइट, एका पाकिटात बसतो. त्यावर पत्ते आणि क्रमांक यांचे ४० बाइट चढतात. सेकंदाला अशी ५० पाकिटं धरली, तर एका दिशेला ८० किलोबिट लागतात. इथरनेटचा भार त्याहून वेगळा. ही पाकिटं ‘यूडीपी’ या प्रोटोकॉलवरून जातात. यूडीपी हरवलेलं पाकीट परत पाठवत नाही आणि इथे तेच योग्य आहे, कारण उशिरा आलेला शब्द बोलणाऱ्यांच्या काही कामाचा नसतो. पाकिटं मागेपुढे पोचतात, म्हणून फोन ती क्षणभर साठवून, क्रमाने लावून वाजवतो.

आता त्या तक्रारीकडे येऊ. शाखेतल्या किंवा घरच्या राउटरमागे बसलेला फोन चिठ्ठीत आपला १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता लिहितो. रिंगचे निरोप पोचतात, कारण नोंदणीच्या वेळी फोननेच राउटरमधून सर्व्हरपर्यंत वाट उघडलेली असते. आवाज मात्र त्या खासगी पत्त्याकडे निघतो आणि बाहेरच्या जगात तो पत्ता कुठेच नसतो. काही राउटर ‘सिप एएलजी’ नावाच्या सोयीने ही चिठ्ठी परस्पर दुरुस्त करू पाहतात. ही सोय बहुधा घोळच वाढवते, ती आधी बंद करावी. आवाजही सर्व्हरमधूनच फिरवणं हा जास्त भरवशाचा उपाय.

उलटी तक्रारही येते: आवाज दोन्हीकडे स्वच्छ, पण उचलल्यावर साधारण ३२ सेकंदांनी फोन कटतो. यात आवाजाची वाट ठीक असते. वाटेत हरवलेला असतो तो ‘अ‍ॅक’. पोच मिळेना म्हणून उचललेली बाजू २०० पुन्हा पुन्हा पाठवते, आणि सिपच्या मानकात ठरलेली ३२ सेकंदांची मुदत संपली की स्वतःच कॉल तोडते. अशा वेळी कोडेक बदलत बसू नये. २०० मध्ये अ‍ॅकसाठी संपर्काचा पत्ता कोणता गेला आहे, तो पाहावा.