रंगाचे इंजेक्शन जाते कुठे?

राजूर परिसरातला रुग्ण सीटी स्कॅनसाठी जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो. परत आल्यावर घरात हमखास प्रश्न निघतो : तो रंग अंगात राहत तर नाही ना? मी डॉक्टर नाही. पण या प्रश्नापायी काही वर्षे मिळेल ते वाचत आलो. हाती लागले ते मांडतो.

मुळात तो रंग नव्हेच. ते आयोडीनयुक्त, पाण्यासारखे स्वच्छ द्रावण असते. आयोडीनचा जड अणू क्ष-किरण अडवतो, म्हणून रक्तवाहिन्या पांढऱ्या उमटतात. ही विद्या जन्मली तीच मुळी उत्सर्जनातून. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये उपदंशावर सोडियम आयोडाइड दिलेल्या रुग्णांचे मूत्राशय क्ष-किरण चित्रात दिसते, हे १९२३ साली प्रसिद्ध झाले. लघवीवाटे जाणारे औषध जाता जाता वाट दाखवत होते.

आजचे रेणू मुद्दाम तसेच घडवले आहेत. ते पाण्यात विरघळतात, रक्तातील प्रथिनांना चिकटत नाहीत, यकृतात फारसे मोडत नाहीत. निरोगी मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर द्रव गाळतात. त्यातले बहुतेक पाणी आणि साखर शरीर परत घेते. हे रेणू मात्र घेत नाही. साधारण २ तासांत निम्मे आणि २४ तासांत जवळजवळ सगळे औषध बाहेर पडते. बेरियमची गोष्ट वेगळी : ते रक्तात शिरतच नाही, शौचावाटे जाते.

एमआरआयमधील गॅडोलिनियम हा विषारी धातू रेणूच्या पिंजऱ्यात बांधून देतात. तोही मुख्यतः मूत्रपिंडातूनच जातो. मूत्रपिंडे निकामी असलेल्या काही रुग्णांची त्वचा दगडासारखी कडक होण्याशी त्याचा संबंध २००६ मध्ये उघड झाला. तेव्हापासून सैल बांधणीची औषधे मागे पडली.

बाहेर न पडणाऱ्या औषधाचे उदाहरण म्हणजे थोरोट्रास्ट. १९३०च्या दशकात ते वापरात आले. चित्रे सुरेख येत. पण त्यातला किरणोत्सारी थोरियम यकृतात आणि प्लीहेत जन्मभर राहिला. अनेकांना काही दशकांनी यकृताचा कर्करोग झाला.

म्हणजे सगळी भिस्त मूत्रपिंडांवर. ती दुबळी असली, की तासांचे काम दिवसांवर जाते. म्हणून मधुमेह, रक्तदाब, मुतखडा, आधीची ॲलर्जी, मेटफॉर्मिनची गोळी यांतले काहीही तपासणीआधी लपवू नये. क्रिएटिनिनचा अहवाल सोबत न्यावा. नंतर, डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर, भरपूर पाणी प्यावे. वेगळ्या उताऱ्याची गरज नाही. आणि नुसत्या भीतीपोटी गरजेची तपासणी टाळणे हे त्या औषधापेक्षा महागात पडू शकते.