पेट्रोल संपल्याचा दिवा आणि चार आण्याची चकती

आमचा धंदा कापडाचा. मोटारसायकलच्या वायरिंगशी आमचा संबंध यायचे कारण नव्हते. पण भिवंडीहून नाशिकला नमुन्याचे थान घेऊन निघालेला आमचा पुतण्या कसारा घाटात पेट्रोल संपून अडकला, आणि व्यापाऱ्याने दुसऱ्याचा माल पसंत केला. ‘‘चाचा, दिवा तर महिनाभर पेटलेलाच होता,’’ असे तो म्हणाला. जो दिवा कायम पेटलेला, त्याच्याकडे कोण बघतो?

चौकशी केली तेव्हा समजले की टाकीतला मूळ सेन्सर खराब झाला होता आणि मिस्त्रीने त्यात हाती आलेला थर्मिस्टर बसवला होता. थर्मिस्टर म्हणजे तापमानाप्रमाणे विजेचा रोध बदलणारी चकती. या कामासाठी एनटीसी जातीचा लागतो. तो तापला की त्याचा रोध कमी होतो. पीटीसी याच्या उलटा, तो चालत नाही.

युक्ती मोठी साधी आहे. बॅटरी, दिवा आणि चकती एकाच ओळीत जोडलेली असतात. चकतीतून थोडा प्रवाह जातो व ती तापू पाहते. पेट्रोलमध्ये बुडालेली असेल तर पेट्रोल ती उष्णता ओढून घेते, रोध चढाच राहतो, दिवा पेटत नाही. पेट्रोल खाली गेले की चकती हवेत उघडी पडते, तापत जाते आणि दिवा हळूहळू उजळतो. हा उशीर फायद्याचाच आहे. खड्ड्यात पेट्रोल हिंदकळले म्हणून दिवा लुकलुकत नाही.

आता निवड. आमच्या मिस्त्रीने बसवलेली चकती 10 ओहमची होती, पॉवर सप्लायमध्ये वापरतात ती. 12 व्होल्ट 3 वॅटच्या बल्बचा पेटलेला रोध 48 ओहम, त्यापुढे 10 ओहम म्हणजे काहीच नाही. दिवा कायम चालू राहणारच. मग त्याने तापमान मोजायचा 10 किलो-ओहमचा बारीक मणी लावला. त्यात इतका कमी प्रवाह की तो तापलाच नाही, दिवा कधीच पेटेना. हे तर पहिल्यापेक्षा वाईट!

थंड असताना साधारण 1 किलो-ओहमची चकती घेऊन सुरुवात करावी. सोबत दीड आणि 2.2 किलो-ओहमचीही घ्यावी. पेटलेल्या दिव्याचा पाव अँपिअर प्रवाह तिने सोसला पाहिजे, हे दुकानदाराला विचारावे. नुसता ‘‘थर्मिस्टर द्या’’ म्हणणे म्हणजे ‘‘कापड द्या’’ म्हणण्यासारखे झाले.

परीक्षा टाकीत नव्हे, बाकावर करावी. पेट्रोल अजिबात नको. वाटीत गोडे तेल घ्या, चकती बुडवा, दिवा विझलेला राहिला पाहिजे. बाहेर काढली की थोड्या वेळाने पेटला पाहिजे. नंतर तेल हाताला सोसेल इतके, 45-50 अंशांपर्यंत, गरम करून पुन्हा बघा. ही पायरी कारागीर सोडतात आणि मे महिन्यात गिऱ्हाईक परत येते. 50 अंशांवर 1 किलो-ओहमचा रोध साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. टाकी भरलेली असूनही दिवा पेटू शकतो. तसे झाले तर दीड किंवा 2.2 ची लावावी.

दिव्याच्या जागी एलईडी बसवली असेल तर हिशेब बिघडतो. ती थोड्याशा प्रवाहातही मिणमिणते, आणि चकतीला तापायला पुरेसा प्रवाह मिळत नाही. एलईडीला समांतर 47 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर जोडावा, नाहीतर जुना बल्बच ठेवावा.

डाग द्यायचा तो सेन्सर टाकीतून काढून, दूर नेऊन. मूळ जाळीची टोपी फेकू नये. साधी पीव्हीसी वायर पेट्रोलमध्ये टिकत नाही, आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यामुळे उघडे सांधे अधिकच लवकर गंजतात.

पुतण्याच्या गाडीत शेवटी दीड किलो-ओहमची चकती बसली. नाशिकच्या त्या व्यापाऱ्याकडे मात्र आम्हाला नवे नमुने घेऊन पुन्हा जावे लागले.