दूरच्या मोटारसायकल-प्रवासातील गोंगाट व स्वास्थ्य : वर्धा जिल्ह्यातील रस्त्यांच्या संदर्भात एक विवेचन

वर्धा जिल्ह्यातून दूरच्या वाहतुकीचे तीन जुने मार्ग जातात. कारंजा व तळेगाव यांवरून अमरावतीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा ६), जाम व हिंगणघाट यांवरून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ (पूर्वीचा ७), आणि बुटीबोरीहून वर्धा व देवळी या बाजूने यवतमाळकडे वळणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला आणि तोही याच जिल्ह्यातून गेला; परंतु त्यावर दुचाकी वाहनांस मज्जाव असल्याने मोटारसायकलस्वाराच्या वाट्यास हे तीन मार्गच येतात. या रस्त्यांचे रुंदीकरण झाल्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग दुचाकीस्वारास सहजसाध्य झाला आहे. या वेगाची किंमत स्वाराचे शरीर, विशेषतः त्याचा कान, कोणत्या हिशोबाने देतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. गोंगाटाचे उगमस्थान

मोटारसायकलचा गोंगाट म्हणजे तिच्या इंजिनाचा व सायलेन्सरचा आवाज, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसापुरती ती खरी आहे. सरकारी नियमांचा रोखही त्या माणसाकडेच असतो. एप्रिल २००५ पासून लागू झालेल्या मर्यादेनुसार १७५ घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकीचा आवाज, ७.५ मीटर अंतरावर मोजला असता, ८० डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये. परंतु प्रत्यक्ष स्वाराच्या कानाची स्थिती निराळी आहे. वेग ताशी ६० ते ६५ किलोमीटरच्या पुढे गेला, की स्वाराच्या कानाशी इंजिनाचा आवाज दुय्यम ठरतो व वाऱ्याचा आवाज प्रमुख होतो. हेल्मेटवरून वाहणारी हवा त्याच्या मागील बाजूस व हनुवटीखालील कडेशी विलग होते, तिच्यात भोवरे उत्पन्न होतात आणि त्या भोवऱ्यांचा बदलता दाब कवचावर व कवचाखालील पोकळीवर आघात करीत राहतो.

१९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये हेल्मेटच्या आत, कानाजवळ सूक्ष्म ध्वनिग्राहक बसवून या आवाजाची मोजमापे झाली. ताशी ६० किलोमीटर वेगास सुमारे ९० डेसिबल व १६० किलोमीटर वेगास सुमारे ११० डेसिबल असा त्यांचा साधारण निष्कर्ष आहे. (येथे व पुढे डेसिबल म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार भारित केलेले ‘अ’ मापनश्रेणीतील डेसिबल समजावेत.) पुढे बाथ विद्यापीठात पवनबोगद्यात झालेल्या प्रयोगांत, हनुवटीखालील भाग हा या ध्वनीचा एक महत्त्वाचा स्रोत असल्याचे दिसून आले. आपण हेल्मेटला कानाचे आवरण समजतो; परंतु त्याचे अस्तर उच्च कंप्रतेचा आवाज काही अंशी अडविते आणि ५०० हर्ट्झखालील आवाजास मात्र जवळजवळ मोकळीक देते. वाऱ्याच्या गोंगाटाचा बहुतेक भाग नेमका त्याच पट्ट्यात असतो.

याचा अर्थ असा, की सायलेन्सर बदलून गाडीचा आवाज वाढविणारा तरुण सेलूच्या वा पवनारच्या रहिवाशांची झोप मोडतो, आणि गाडी अगदी शांत ठेवणारा त्याचा मित्रही स्वतःचा कान वाचवू शकतोच असे नाही. लोकांस होणारा उपद्रव व स्वारास होणारी इजा ही दोन भिन्न प्रकरणे आहेत.

२. वेग आणि ध्वनिमात्रा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. प्रवाहातील दाबाची चढउतार ही प्रवाहाच्या गतिक दाबाच्या, म्हणजे वेगाच्या वर्गाच्या, प्रमाणात असते. ध्वनिऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती वेगाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. दुसऱ्या बाजूने, घन पृष्ठाच्या सान्निध्यात वाहणाऱ्या प्रवाहातून जो ध्वनी दूर प्रसृत होतो, त्याची शक्ती वेगाच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढते, असे कर्ल याने १९५५ मध्ये दाखविले. हेल्मेटमधील ध्वनीत या दोन्ही प्रकारांचे मिश्रण असते. वर दिलेली मोजमापेही चौथा व सहावा या दोन घातांच्या दरम्यानच बसतात. म्हणून वेग १०० वरून ८० वर आणला असता आवाज ४ ते ६ डेसिबलनी, म्हणजे सुमारे १०० डेसिबलवरून ९५ च्या आसपास, उतरावा.

पाच डेसिबल हा आकडा ऐकावयास क्षुल्लक वाटतो. तथापि डेसिबल ही लघुगणकीय श्रेणी आहे. कानास होणारी इजा एकूण ध्वनिऊर्जेवर, अर्थात तीव्रता व काल यांच्या गुणाकारावर, अवलंबून असते, या तत्त्वावर आधारलेल्या प्रचलित मानकात ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी ८ तास सहन करण्याजोगा मानतात व त्यापुढे दर ३ डेसिबलच्या वाढीस हा काल निम्मा करतात. त्या हिशोबाने ९४ डेसिबलला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात.

येथे एक आक्षेप सहज सुचेल. वेग कमी केला तर प्रवासास वेळ अधिक लागेल, म्हणजे कान अधिक काळ गोंगाटात राहील. मग लाभ तो काय? या आक्षेपाचे उत्तर गणितानेच द्यावयास हवे. अंतर निश्चित असल्यास प्रवासाचा काल वेगाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ध्वनिऊर्जेचा दर वेगाच्या चौथ्या ते सहाव्या घाताप्रमाणे बदलत असेल, तर संपूर्ण प्रवासाची ध्वनिमात्रा वेगाच्या तिसऱ्या ते पाचव्या घाताप्रमाणे बदलेल. वेग चार-पंचमांश केला असता ही मात्रा अनुक्रमे ०.५१ पट व ०.३३ पट होते. तात्पर्य, प्रवासाचा काल सव्वापट झाला तरी कानावरील एकूण भार निम्म्यावर, कदाचित एक-तृतीयांशावर येतो.

नागपूर ते वर्धा हे सुमारे ७५ किलोमीटरचे अंतर उदाहरणादाखल घेऊ. वेग सर्वत्र एकसारखा राहील असे सोयीसाठी गृहीत धरल्यास, ताशी १०० च्या वेगाने त्यास ४५ मिनिटे व ८० च्या वेगाने ५६ मिनिटे लागतात. म्हणजे अवघी अकरा मिनिटे वाचविण्यासाठी स्वार आपल्या कानावर दुप्पट ते तिप्पट भार घेतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत चौपदरी विभाजित रस्त्यांवर मोटारसायकलींसाठी ताशी ८० किलोमीटर हीच कमाल मर्यादा नमूद झाली होती. तिचा हेतू अपघात टाळणे हा होता. पण कानाच्या दृष्टीनेही ती विवेकाचीच ठरते.

३. हानीचे स्वरूप

या भाराचे परिणाम प्रारंभी तात्पुरते असतात. ताशी सुमारे १२८ किलोमीटर वेगाने एक तास प्रवास केलेल्या स्वारांची श्रवणशक्ती काही काळ मंदावते, असे ब्रिटिश अभ्यासकांस आढळले. मुक्कामी पोहोचल्यावर कानात सूं-सूं असा नाद राहणे व बोलणाऱ्याचा आवाज दुरून आल्यासारखा वाटणे ही याचीच चिन्हे होत. रात्रीच्या झोपेनंतर ती ओसरतात, म्हणून कोणी त्यांची दखल घेत नाही. परंतु अंतःकर्णातील शंखाकृती भागात ज्या केसपेशी असतात, त्या एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. वारंवारच्या आघाताने जी हानी होते ती प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास प्रकट होते. संभाषणातील स्वरांचे आकलन तेव्हा शाबूत असते. स, श, थ, फ यांसारख्या व्यंजनांचा भेद मात्र पुसट होत जातो. अशा मनुष्यास बोलणे ऐकू येते, पण नीट कळत नाही. बावीस-तेविसाव्या वर्षी पडलेला हा ऋणभार पन्नाशीत, व्याख्यानगृहात वा सभेत, व्याजासह वसूल केला जातो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आठवड्यास दोनदा गाव व वसतिगृह यांमध्ये दुचाकीने ये-जा करतात, हे लक्षात घेता हा प्रश्न केवळ हौशी प्रवाशांपुरता राहत नाही.

४. उपायांचा विचार

पहिला उपाय वेगाचा. तो वर आलाच आहे. दुसरा कानातील बोळ्याचा. आपला जिल्हा कापसाचा. तेव्हा कापसाचा बोळा सर्वांस सुचतो. परंतु साधा कापूस सच्छिद्र व हलका असल्याने तो आवाज फारच थोडा रोखतो. दाबून, वळून कानात घातल्यावर फुगून कर्णनलिका बंद करणारे मऊ फोमचे बोळे नीट बसविल्यास १५ ते २५ डेसिबल आवाज उतरवू शकतात. नागपूर ते हैदराबाद या सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासाचा हिशोब केल्यास त्यांचे महत्त्व स्पष्ट होईल. ताशी १०० च्या वेगाने लागणारे ५ तास, १०० डेसिबलच्या अनुज्ञेय १५ मिनिटांच्या वीसपट भरतात. ताशी ८० च्या वेगाने सव्वासहा तास लागतात, आणि ९५ डेसिबलच्या अनुज्ञेय ४८ मिनिटांच्या ते सुमारे आठपट होतात. केवळ वेग उतरवून दूरचा प्रवास निर्धोक होत नाही. ८० चा वेग व १५ डेसिबल रोखणारा बोळा यांचा योग झाला, तर कानाशी ८० डेसिबलच उरतात आणि दिवसाचा प्रवास मर्यादेच्या आत येतो.

बोळा घातल्यास मागील ट्रकचा भोंगा ऐकू येणार नाही, ही भीती बहुतेकांस वाटते. बोळा गोंगाट व भोंगा या दोहोंस कमी करतो. त्यांचे परस्परप्रमाण फारसे बदलत नाही. उलट अतितीव्र गोंगाटात कानाची विवेचकशक्ती मंदावलेली असते, ती बोळ्याने काहीशी सावरते. ज्यांची श्रवणशक्ती आधीच क्षीण झाली आहे, त्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून बोळे वापरू नयेत.

तिसरा उपाय आपल्याकडे आधीपासूनच प्रचारात आहे, पण निराळ्या कारणासाठी. उन्हाळ्यात विदर्भातील दुचाकीस्वार डोक्याभोवती व मानेभोवती दुपट्टा गुंडाळतो. हनुवटीखालील जी फट ध्वनीचा मार्ग ठरते, ती मानेभोवतीच्या कापडाने अंशतः बुजते. मात्र कापड मानेभोवतीच असावे. डोके व हेल्मेटचे अस्तर यांमध्ये त्याची घडी आली, तर हेल्मेट सैल बसते व त्याचे संरक्षण घटते. कापडाची टोके अंगरख्यात खोचावीत. ती वाऱ्यावर फडफडत ठेवणे घातक आहे.

पुढील काचेविषयीही एक गैरसमज आढळतो. उंच काच लावली म्हणजे वारा अडला व आवाज मिटला, असे नाही. काचेच्या वरच्या कडेपासून भोवरे सुटतात. त्यांची रांग हेल्मेटवरच येत असेल, तर आवाज पूर्वीहून वाढतो व डोके हेलकावते. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात मान किंचित वर व किंचित खाली करून पाहावी. दोन्हीकडे आवाज कमी होत असेल, तर डोके नेमके क्षुब्ध थरात आहे असे समजावे व काचेची उंची त्याप्रमाणे बदलावी.

५. उष्णता व कंपने

स्वास्थ्याचे आणखी दोन घटक याच विचाराशी निगडित आहेत. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. त्याहून उष्ण वारा अंगास लागला, की तो उष्णता नेत नाही, आणून देतो. गारवा येतो तो केवळ घामाच्या बाष्पीभवनाने. कोरड्या हवेत घाम तत्काळ उडून जातो, म्हणून शरीरातील पाणी किती घटले याचा स्वारास पत्ता लागत नाही. वाऱ्यासाठी हेल्मेटची काच उघडणे हा म्हणूनच दुहेरी तोटा होय : उष्णता वाढते व गोंगाटही वाढतो. अंगभर सुती कपडा, तो मधूनमधून भिजविणे, आणि तहानेची वाट न पाहता पाणी पिणे, हेच येथे हितकर.

कंपनांचे गणित सोपे आहे. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटास ४००० फेरे घेत असता दट्ट्याच्या हालचालीने सेकंदास सुमारे ६७ कंपने उत्पन्न होतात, ती मुठीतून हातात उतरतात व बोटांस मुंग्या येतात. असंतुलित बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने येथेही वेगच निर्णायक ठरतो. रॉयल एनफील्डच्या ३५० घन सेंटिमीटरच्या गाड्यांत २०२० पासून आलेल्या नव्या इंजिनास संतुलनासाठी बॅलन्सर शाफ्ट जोडला आहे. आधीच्या इंजिनांत तो नव्हता. जुनी गाडी वापरणाऱ्याने मूठ सैल धरावी व तासाभराने थांबावे.

६. समारोप

वरील विवेचनाचा मथितार्थ असा, की गोंगाट, उष्णता व कंपने या तिन्ही त्रासांत वेगाचा वाटा मोठा आहे, आणि ध्वनीच्या बाबतीत तर ठरलेल्या अंतराचा भार वेगाच्या तिसऱ्या ते पाचव्या घाताने वाढतो. हा संबंध आपल्या प्रयोगशाळेत पडताळून पाहण्याजोगा आहे. हेल्मेटच्या आत बसविलेला लहान ध्वनिग्राहक, वेगाची नोंद व जाम ते हिंगणघाट हा सरळ रस्ता एवढी सामग्री एखाद्या पदव्युत्तर प्रकल्पास पुरेशी आहे. चाचणीत ६०, ७० व ८० हे वेग घ्यावेत, त्यापुढील घेऊ नयेत; आणि दुपट्ट्यासह व दुपट्ट्याविना, अशा दोन्ही नोंदी कराव्यात. घातांकाचे मूल्य आपल्या रस्त्यांवर व आपल्या वापरातील हेल्मेटांत नेमके किती येते, हे त्यातून ठरेल. तोवर नागपूर-वर्धा प्रवासातील अकरा मिनिटांचा हिशोब प्रत्येक स्वाराने स्वतःशी करून पाहण्यास हरकत नाही.