अलिबाग, कामोठे की परळ?

भाताची लावणी आटोपून कर्जत-खालापूरची खाचरे हिरवी होऊ लागतात, साधारण त्याच सुमारास या दोन तालुक्यांतील ज्या मोजक्या घरांतल्या मुलामुलींनी 'नीट' परीक्षेत बरे गुण मिळविलेले असतात, त्या घरांत वैद्यकीय प्रवेशाच्या पसंतीक्रमाचा खल सुरू होतो. गुण परीक्षेने ठरवून टाकलेले असतात. कुटुंबाच्या हाती काही उरलेले असेल तर ते म्हणजे अर्जात कोणत्या महाविद्यालयाचे नाव कोणाच्या वर लिहावयाचे, एवढेच. पण या एवढ्याशा क्रमावर साडेपाच वर्षांचे आयुष्य, आणि कित्येकदा वाडवडिलांची जमीन, अवलंबून असते.

१९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण अलिबाग असले, आणि कलेक्टर कचेरीची मोठी कामे तेथेच होत असली, तरी १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग पार झाल्यापासून घाटाच्या पायथ्याच्या या मुलुखाचा ओढा मुंबईकडेच राहिला. कर्जत किंवा खोपोलीच्या लोकलने निघालेला विद्यार्थी कळव्याला ठाणे महापालिकेच्या, शीवला आणि परळला मुंबई महापालिकेच्या, तर भायखळ्याला उतरून ग्रँट महाविद्यालयाच्या दाराशी जाऊ शकतो; उलट स्वतःच्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी जावयाचे तर खोपोली, पेण, वडखळ असा एस.टी.चा प्रवास करावा लागतो, कारण अलिबागला प्रवासी गाडी आजही जात नाही. त्यामुळे नकाशावर आपले असलेले महाविद्यालय व्यवहारात दूरचे ठरते. अर्थात या अंतराला पालक देतात तेवढे महत्त्व देऊ नये, असे माझे मत आहे. वैद्यकाचा विद्यार्थी पहाटेची कर्जत लोकल पकडून, दोन तास उभा राहून शवविच्छेदनाच्या वर्गाला रोज जाऊ शकेल, ही कल्पना ज्यांनी तो अभ्यास पाहिलेला नाही त्यांनाच सुचते. त्याला वसतिगृहातच राहावे लागते. आणि एकदा मुक्काम वसतिगृहात म्हटला, की घरापासूनच्या अंतराचा प्रश्न सणासुदीपुरता उरतो.

खर्चाचा प्रश्न मात्र असा सहज सुटत नाही. शासकीय महाविद्यालयाचे वार्षिक शिक्षणशुल्क खुल्या वर्गासाठी दीड लाखाच्या आसपास, खाजगी महाविद्यालयात ते बहुधा दहा लाखांच्या पुढे, आणि नेरूळ-कामोठ्याच्या अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्या घरात किंवा त्याहूनही वर. आंतरवासितेचे वर्ष वगळून शुल्क साडेचार वर्षांचे धरले तर पहिला आकडा सात लाखांच्या आत राहतो आणि शेवटचा नव्वद लाखांवर जातो. वसतिगृह, खाणावळ व पुस्तके निराळी. साडेसात लाखांपलीकडच्या शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून त्या बहुधा पत्करत नाहीत. म्हणून ज्या घरी जमिनीखेरीज दुसरी मिळकत नाही, तेथे कर्जाऐवजी विक्रीचाच विचार पुढे येतो. कर्जत परिसरात तर मुंबईकरांच्या फार्महाऊससाठी गिऱ्हाईक नेहमीच तयार असते. भावंडांच्या वाट्याची जमीन एकाच्या पदवीसाठी विकणे हा व्यवहार मला अन्यायाचा वाटतो. गुण पुन्हा मिळवता येतात, सातबारा पुन्हा नावावर होत नाही.

मुलींच्या बाबतीत या हिशेबात एक मोठा फरक पडला आहे, आणि तो पुष्कळांच्या कानावर नाही. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, त्यांनी केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. संस्थास्तरावरील जागा आणि खाजगी अभिमत विद्यापीठे मात्र या सवलतीच्या बाहेर आहेत. म्हणजे खोपोलीतल्या एखाद्या कारखान्यातील कामगाराच्या मुलीला राज्याच्या यादीतील खाजगी महाविद्यालय परवडू शकते आणि शेजारचे कामोठे मात्र परवडत नाही. या दोहोंच्या वाटाही भिन्न आहेत : राज्याच्या जागा सीईटी कक्ष भरतो, तर अभिमत विद्यापीठांसाठी दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे दोन लाखांची अनामत ठेवून वेगळा अर्ज करावा लागतो.

आता राहिला तो मुलाला काय मानवेल हा प्रश्न. त्याचे उत्तर इमारतीत नसून वॉर्डात असते. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात वर्षाला अडीचशे विद्यार्थी घेतले जातात, आणि त्याला जोडलेल्या केईएम रुग्णालयाच्या खाटांवर देशभरातील दुर्धर आजार समोर येतात. १९२६ पासूनची ती परंपरा आहे. अलिबागचे शासकीय महाविद्यालय २०२१ चे, शंभर जागांचे. तेथे विभाग अद्याप भरत आहेत, परंतु विद्यार्थी लवकर रुग्णाजवळ पोहोचतो, आणि तो रुग्ण त्याच्याच मुलुखातला असतो : सर्पदंशाचा शेतकरी, अंगावर रक्त नसलेली कातकरी बाळंतीण, महामार्गावरील अपघाताचा जखमी. याच जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने मरणारी माणसे पाहिली, प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, आणि ते निरीक्षण 'लॅन्सेट'पर्यंत पोहोचविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रायगडच्या रुग्णापासून शिकण्यासारखे काही नाही, असे त्यानंतर कोणी म्हणू नये. कर्जत तालुक्यात आता तासगावकर संस्थेचे खाजगी वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. अशा कोणत्याही नव्या संस्थेविषयी निर्णय करण्यापूर्वी सकाळी दहाच्या सुमारास बाह्यरुग्ण विभागात जाऊन उभे राहावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमाने शंभर जागांसाठी चारशे वीस खाटा लागतात; त्या खाटांवर माणसे आहेत की नाहीत, हे माहितीपत्रकापेक्षा डोळ्यांना अधिक खरे दिसते.

माझा कौल विचाराल, तर परळ, शीव किंवा भायखळा मिळत असेल आणि वसतिगृहाची जागा पक्की असेल तर ते वर लिहावे, त्याखाली निःशंकपणे अलिबाग. शुल्कमाफी नसेल तर खाजगी महाविद्यालय त्यानंतर, आणि जमीन विकून घ्यावयाची जागा यादीतच नसावी. शासकीय जागेबरोबर एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र येते, आणि ते मोडले तर दहा लाखांचा दंड. पण ते वर्ष मला शिक्षा वाटत नाही. 'आपल्याला तिथे लागणार नाही' अशा धास्तीने क्रम उलटासुलटा करू नये, कारण जागा गुणवत्तेने आणि लिहिलेल्या पसंतीनेच दिली जाते. वर लिहून न मिळाल्याने खालची संधी जात नाही, पण खालची वर लिहिली तर वरची कायमची हुकते. २०२० पासून विभागीय आरक्षणाची सत्तर-तीसची वाटणीही रद्द झाली असल्याने आपल्या मुलांची स्पर्धा आता सबंध महाराष्ट्राशी आहे. तेव्हा हाती आलेली जागा कागदाअभावी जाऊ नये म्हणून पालकांनी अधिवासाचा दाखला तहसील कचेरीतून, तसेच जातवैधतेचे प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून, मूल अकरावीत असतानाच मागून ठेवावे; उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमिलेयरचा दाखला मुदतीचा असल्याने तो प्रवेशाच्या वेळी चालू असेल असा घ्यावा.