लघुउपग्रहांसाठी भूस्थानक अँटेना : कार्यतत्त्व आणि निवड

प्रस्तावना :
दि. २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी३५ या प्रक्षेपकाने आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी घडविलेला सुमारे १० किलोग्रॅम वजनाचा 'प्रथम' उपग्रह कक्षेत सोडला. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांचे एकूण प्रमाण मोजणे हे त्याचे उद्दिष्ट होते व त्यासाठी इतर महाविद्यालयांतील भूस्थानकांचा सहभाग अपेक्षिलेला होता. अशा भूस्थानकाच्या अँटेनाचे कार्यतत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समस्येचे स्वरूप :
५०० कि.मी. उंचीवरील उपग्रह सेकंदाला सुमारे ७.६ कि.मी. वेगाने जातो. एका ठिकाणाहून तो प्रत्येक फेरीत फार तर दहा-बारा मिनिटे दिसतो. माथ्यावर ५०० कि.मी. असलेले अंतर क्षितिजाशी सुमारे २,५७० कि.मी. होते; परिणामी मिळणारी शक्ती सुमारे २६ पटींनी घटते. शिवाय डॉप्लर परिणामामुळे ४३७ मेगाहर्ट्झची वारंवारता सुमारे १० किलोहर्ट्झपर्यंत वर-खाली सरकते.

अँटेनाची निवड :
जपानमधील यागी आणि उदा यांच्या नावाने ओळखली जाणारी यागी अँटेना येथे सोयीची ठरते. ४३७ मेगाहर्ट्झला तिचे दंड सुमारे ३४ सें.मी. लांबीचे, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास असतात. दंड वाढविल्यास लाभ वाढतो. मात्र शलाका अरुंद होते आणि नेम थोडा चुकला तरी संदेश निसटतो. म्हणून दिगंश व उन्नतांश या दोन्ही दिशांत फिरविणारी यंत्रणा लागते. केबलमध्ये ३ डेसिबल हानी झाल्यास निम्मी शक्ती वाया जाते. यास्तव अल्पगोंगाट प्रवर्धक प्रयोगशाळेत न ठेवता अँटेनाशेजारीच बसवावा.

ध्रुवणाचा प्रश्न :
उपग्रह स्वतःभोवती फिरत असल्याने त्याच्या लहरींचे ध्रुवण बदलत राहते. परस्परांना लंब अशा दोन यागी ९० अंशांच्या कलांतराने जोडल्यास वर्तुळी ध्रुवण मिळते. त्यात ३ डेसिबल गमवावे लागतात, परंतु संदेश पूर्णतः लोपत नाही. 'प्रथम'च्या मापनासाठी मात्र याउलट गरज होती. आयनांबरातून येताना रेषीय ध्रुवणाचे प्रतल इलेक्ट्रॉनांमुळे वळते (फॅरडे परिभ्रमण). तो कोन काढावयाचा, तर दोन्ही यागींची नोंद स्वतंत्रच ठेवावी लागते.

समारोप :
सारांश, केवळ अधिक लाभाची अँटेना म्हणजे उत्तम अँटेना नव्हे. संदेश ऐकावयाचा आहे की त्याच्या प्रवासातून आयनांबर जाणावयाचे आहे, हे आधी निश्चित केल्यास महाविद्यालयाच्या गच्चीवरील साधी यागीदेखील संशोधनाचे उपकरण ठरू शकते.