छाती : आपली आणि नाकतोड्याची

पावसाळा संपत आला म्हणजे शाळेच्या मैदानावरील गवतांत नाकतोड्यांची दाटी होते. अशाच एका दिवशीं शास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्यानें कांचेच्या बरणींत एक नाकतोडा घालून आणिला आणि आम्हांस विचारिलें, "गुरुजी, ह्याचें डोकें मीं पुष्कळ वेळ पाण्यांत बुडवून धरिलें, तरी हा गुदमरला नाहीं. असें कां?" मुक्या जीवास विनाकारण पीडा देऊं नये, हें आम्हीं त्यास प्रथम बजावलें, परंतु त्याचा प्रश्न उत्तम होता. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्यासारखें नाहीं, म्हणून येथें तें सविस्तर देत आहों. पालकांनींही हा लेख शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे. कारण त्याचा शेवट नाकतोड्यापाशीं होत नसून घरांतील पाळण्यापाशीं होतो.

'छाती' हा शब्द आपण मनुष्यासही लावितों आणि कीटकासही. मनुष्य, गाय, कुत्रा, वटवाघूळ, देवमासा इत्यादि जे प्राणी पिलांस दूध पाजतात, त्या सस्तन प्राण्यांत मान व पोट यांच्या मधला भाग म्हणजे छाती. कीटकाच्या शरीराचे डोकें, छाती व उदर असे तीन भाग असतात, आणि त्यांतील मधला भाग ही त्याची छाती. जागा सारखी, नांव सारखें. पण काम अगदीं निराळें. आपली छाती हें मुख्यत्वें श्वासाचें घर आहे, तर कीटकाची छाती हें चालण्याचें व उडण्याचें यंत्र आहे.

प्रथम आपल्या छातीचा विचार करूं. तिची रचना एखाद्या पिंजऱ्यासारखी आहे. पाठीमागें कण्याचे १२ मणके, पुढें मध्यभागीं उरोस्थि, म्हणजे छातीचें चपटें हाड, आणि दोहों बाजूंस बरगड्यांच्या १२ जोड्या. वरच्या ७ जोड्या कूर्चेच्या योगानें सरळ उरोस्थीस जोडलेल्या असतात. पुढच्या ३ आपल्या वरच्या बरगडीचा आधार घेतात. आणि शेवटच्या २ जोड्यांचीं पुढचीं टोकें मोकळींच राहतात. सर्व सस्तन प्राण्यांत ही संख्या एकच नसते. गाईस व कुत्र्यास बरगड्यांच्या १३ जोड्या असतात, तर घोड्यास बहुधा १८ असतात. ह्या पिंजऱ्यांत दोन फुप्फुसें आणि त्यांच्यामध्यें, किंचित् डावीकडे झुकलेलें, हृदय असतें. हृदयास जागा देण्यासाठीं जणूं डावें फुप्फुस उजव्याहून थोडें लहान झालें आहे. उजव्याचे तीन खंड असतात, डाव्याचे दोनच.

ह्या पिंजऱ्याचा तळ मोठा विलक्षण आहे. छाती व पोट यांच्यामध्यें घुमटाच्या आकाराचा एक स्नायूचा पडदा पसरलेला असतो. त्यास मध्यपटल म्हणतात. असा पुरा स्नायूचा पडदा केवळ सस्तन प्राण्यांसच लाभला आहे; पक्ष्यांसही तो नाहीं. फुप्फुसांस स्वतः हालतां येत नाहीं. मध्यपटल आकुंचन पावून खालीं सरकतें, त्याच वेळीं बरगड्यांमधील स्नायु बरगड्यांस वर व बाहेर उचलतात, छातीची पोकळी वाढते, आंतील दाब कमी होतो, आणि बाहेरील हवा नाकावाटे आंत शिरते. स्नायु सैल पडले कीं पोकळी पूर्ववत् होऊन हवा बाहेर जाते. अर्थात् हवा आंत आली म्हणून छाती फुगते असें नव्हे. छाती मोठी होते म्हणून हवा आंत येते.

हें प्रत्यक्ष पाहावयाचें असल्यास प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ वडील माणसाकडून कापून घ्यावा. बाटलीच्या तोंडांत एक फुगा उलटा खोंचून त्याची कड तोंडावर ताणून बसवावी, आणि तळाशीं दुसऱ्या फुग्याचें रबर घट्ट बांधावें. तळाचें रबर खालीं ओढतांच आंतील फुगा आपोआप फुगतो. बाटली म्हणजे बरगड्यांचा पिंजरा, आंतील फुगा म्हणजे फुप्फुस, आणि तळाचें रबर म्हणजे मध्यपटल.

आतां नाकतोड्याकडे वळूं. त्याच्या अंगांत हाड नाहीं. त्याचा सांगाडा म्हणजे त्याचें बाहेरचें कठीण कवच. त्याची छाती तीन वलयांची बनलेली असते : अग्रवक्ष, मध्यवक्ष आणि पश्चवक्ष. प्रत्येक वलयास पायांची एक जोडी असते. म्हणूनच कीटकांस सहा पाय. आठ पायांचा कोळी कीटकांत मोडत नाहीं, हें येथें ध्यानांत ठेवावें. नाकतोड्याच्या अग्रवक्षावर घोड्याच्या खोगिरासारखें आवरण असतें. मध्यवक्षास पुढच्या चिवट पंखांची जोडी आणि पश्चवक्षास मागच्या पातळ पंखांची जोडी लागलेली असते. उडी मारण्याचे लांब पायही पश्चवक्षासच जोडलेले असतात. घरमाशीस मात्र पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागीं दोन लहान गुंड्या असून उडतांना तोल सांभाळण्याच्या कामीं त्या येतात.

कीटकाची छाती उघडून पाहिली तर ती बहुतांशीं स्नायूंनींच भरलेली दिसते. चतुराचे मुख्य स्नायु थेट पंखांच्या बुडाशीं जोडलेले असतात. माशी व मधमाशी यांची युक्ति निराळी आहे. त्यांचे उडण्याचे मोठे स्नायु पंखांस न जोडतां छातीच्या कवचास जोडलेले असतात. उभे स्नायु आकुंचन पावले कीं छातीचें छप्पर खालीं दबतें आणि पंख वर उचलले जातात. आडवे स्नायु आकुंचन पावले कीं छप्पर वर फुगतें आणि पंख खालीं येतात. ह्या रीतीनें मधमाशी एका सेकंदांत दोनशेंहून अधिक वेळां पंख हालविते.

मग नाकतोडा श्वास घेतो कोठून? त्याच्या डोक्यास नाकपुड्या नसतात, आणि छातींत फुप्फुसें नसतात. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस श्वासरंध्रांच्या १० जोड्या असतात. २ छातीवर आणि ८ उदरावर. ह्या छिद्रांपासून बारीक श्वासनलिकांचें जाळें सर्व शरीरांत पसरतें आणि हवा थेट प्रत्येक अवयवापर्यंत पोंचवितें. आपल्यांत प्राणवायु वाहून नेण्याचें काम रक्त करितें. नाकतोड्याच्या रक्तास तें करावें लागत नाहीं, आणि म्हणूनच तें तांबडें नसतें. शांत बसलेला नाकतोडा न्याहाळून पाहा. श्वासाबरोबर त्याचें उदर हालतांना दिसेल, छाती नव्हे. डोकें बुडवूनही तो गुदमरला नाहीं त्याचें कारण हेंच : त्याचीं श्वासरंध्रें पाण्याबाहेर होतीं.

ह्या दोन्ही रचनांचा शोध लावण्यांत एकाच पुरुषाचा मोठा वांटा आहे. इटलींतील बोलोन्या येथील मार्चेल्लो माल्पिगी यांनीं १६६१ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं बेडकाचें फुप्फुस तपासून त्यांतील केशवाहिन्या दाखविल्या, आणि १६६९ सालीं रेशमाच्या किड्यावर ग्रंथ प्रसिद्ध करून त्याच्या श्वासनलिकांचें वर्णन केलें. किड्याच्या श्वासरंध्रांवर तेल लाविलें असतां तो मरतो, हेंही त्यांनीं दाखविलें. आमच्या विद्यार्थ्यानें जो प्रश्न विचारला, त्याच वाटेनें ते गेले होते.

आतां पाळण्याकडे येऊं. तान्ह्या मुलाची छाती मोठ्या माणसाच्या छातीची लहान आवृत्ति नव्हे. त्याच्या बरगड्या मऊ व बऱ्याच आडव्या असतात, त्यामुळें त्या फारशा वर उचलल्या जात नाहींत. तें मूल प्रायः मध्यपटलाच्या बळावरच श्वास घेतें, आणि मध्यपटल खालीं सरकलें कीं पोट पुढें येतें. म्हणून निरोगी मुलाचेंही पोट श्वासाबरोबर हालतें. परंतु फुप्फुसास सूज येऊन तें ताठर झालें म्हणजे नुसत्या नेहमींच्या ओढीनें तें फुगत नाहीं. मध्यपटल जोरानें ओढूं लागतें, पोट उडूं लागतें, आणि त्या ओढीनें मऊ बरगड्यांचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजीं आंत खेंचला जातो. ह्यासच आपल्याकडे 'डबा झाला' असें म्हणतात.

उडणारें पोट पाहून दुखणें पोटांतच आहे असें वाटणें साहजिक आहे, आणि ह्याच समजुतीनें कित्येक ठिकाणीं मुलाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे किंवा बिब्ब्याचे डाग देत आले आहेत. पण दुखणें पोटांत नाहींच. पोट केवळ मध्यपटलाचा धक्का दाखवितें. डाग दिल्यानें फुप्फुसाची सूज तिळमात्र उतरत नाहीं. उलट भाजल्याची जखम होते, आणि ज्या वेळेंत औषध मिळावयाचें तो वेळ निघून जातो. डाग देणाऱ्या आजीचें नातवावर प्रेम नसतें असें कोण म्हणेल? तिला छातीची रचना कोणीं समजावून दिली नव्हती, एवढेंच.

म्हणून पुढील गोष्टी घरांतील प्रत्येकानें लक्षांत ठेवाव्या. मूल खोकत असेल तर तें शांत असतांना घड्याळ लावून पुरा एक मिनिट त्याचे श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील मुलाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर तो श्वास जलद समजावा आणि त्याच दिवशीं मुलास डॉक्टरांकडे न्यावें. श्वास घेतांना छातीचा खालचा भाग आंत ओढला जात असेल, मूल अंगावर पीत नसेल, निपचित पडलें असेल किंवा ओंठ निळे दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न करितां इस्पितळ गांठावें. हा रोग जंतूंमुळें झाला असेल तर त्यावर गुणकारी औषधें आहेत. तो टाळण्यासाठीं लसही आहे. न्यूमोकोकल लस २०१७ सालापासून टप्प्याटप्प्यानें आणि २०२१ सालीं देशभर सरकारी लसीकरणांत घेतली गेली असून ती विनामूल्य मिळते.

असो. तास संपल्यावर त्या विद्यार्थ्यानें बरणी मैदानांत नेऊन उघडली, आणि नाकतोडा एका उडींत गवतांत दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशीं तोच मुलगा आमच्याकडे वही घेऊन आला. घरीं आपल्या आठ महिन्यांच्या बहिणीचे श्वास त्यानें तीन वेळां मोजून लिहून आणिले होते : ३४, ३६, ३५. आकडे ठीक होते. तिच्या आजीसही मोजावयास शिकविलें काय, असें आम्हीं विचारतांच तो म्हणाला, "होय गुरुजी, दुसऱ्या खेपेस तिनेंच मोजले."