विश्लेषण : गांजाच्या झाडाला फुलोऱ्यात खत कोणते? त्याआधी कायदा काय सांगतो?

डाळिंब, लिंबू किंवा तूर फुलोऱ्यात आली की कर्जत तालुक्यातील शेतकरी खताच्या नियोजनाला लागतो. हाच प्रश्न हल्ली मोबाइलवर गांजाच्या झाडाबाबतही विचारला जातो. उत्तरात खतांचे आकडे मिळतात; पण ते झाड बांधावर असले तरी तुरुंगवास होऊ शकतो, हे सांगितले जात नाही.

फुलोऱ्यात खत का बदलतात?

वाढीच्या काळात पिकाला नत्र जास्त लागते. फुलोऱ्यात तोच नत्राचा मारा सुरू राहिला तर पीक माजते, पाला वाढतो आणि फूल मागे पडते. त्यामुळे या टप्प्यात नत्र कमी करून स्फुरद आणि पालाशकडे लक्ष दिले जाते. कॅनॅबिसही याला अपवाद नाही. मात्र धाग्यासाठीचे हेंप साधारण फुलोऱ्याच्या सुमारासच कापतात. फुलोऱ्यातील खताचा प्रश्न खरा येतो तो बी किंवा फुलासाठी घेतलेल्या पिकात.

कायद्याला फुलाशी काय देणेघेणे?

नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य मुख्यतः मादी झाडाच्या फुलोऱ्यात साठते. म्हणूनच १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत.

मग फुलोऱ्याआधी झाड चालते का?

नाही. गैरसमज होतो तो इथेच. लागवडीबाबत कायदा ‘कॅनॅबिस प्रजातीचे कोणतेही झाड’ असे म्हणतो. फूल आले की नाही, झाडे चार की चारशे, याने गुन्हा टळत नाही. कलम २० नुसार विनापरवाना लागवडीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसऱ्याने लावले असेल तर?

आपल्या जमिनीत अशी लागवड असल्याचे समजताच पोलिसांना कळवणे कलम ४६ नुसार जमीनधारकावर बंधनकारक आहे. माहीत असूनही गप्प राहणे शिक्षापात्र ठरते. वाट्याने किंवा खंडाने शेत देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कलम ४७ नुसार सरपंच, पंच आणि गावकामगारांवरही माहिती देण्याची जबाबदारी आहे.

परवानगी कुठेच नाही का?

एकेकाळी नगर जिल्ह्यातच होती. १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशनच्या अहवालात मुंबई इलाख्यातील गांजा पिकवणाऱ्या जिल्ह्यांत अहमदनगरचे नाव आहे. आज उत्तराखंडमध्ये टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या हेंपला परवान्याने लागवडीची मुभा आहे. पण तेथील परवाना कर्जतमध्ये चालत नाही.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१ मध्ये दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, हे त्याचे कारण. कांदा आणि उसाच्या हिशेबात पोळलेल्या कर्जतकरांना ते कारण नवे नाही. पण त्याने आधी अर्ज केला होता. गुपचूप चार झाडे लावणाऱ्याला भावाचे कारण न्यायालयात वाचवू शकत नाही.

त्यामुळे फुलोऱ्यातील खताचा खर्च डाळिंब, लिंबावरच केलेला बरा. शेतात अनोळखी झाड दिसलेच, तर ते परस्पर उपटून न टाकता पोलिसांना कळवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.